क्रूझवर दुसरी प्लेट मागायची का? वाढपी, वेटर आणि आपली ‘नको-नको’ची सवय

हेडफोन लावून बसमध्ये बसला असाल, नाहीतर जेवण झाल्यावर गच्चीवर फेऱ्या मारत असाल. आजचा भाग हलकाफुलका वाटेल, पण शेवटपर्यंत ऐका.

विषय आहे, क्रूझवरच्या डायनिंग रूममध्ये जास्तीची डिश मागायची का, आणि वाढणाऱ्या माणसाशी कसं वागायचं. तुम्ही म्हणाल, अरे तू बीड जिल्ह्यातला माणूस. आमच्याकडं भरपूर पाणी एकदम बघायचं तर मांजरा नाहीतर माजलगावचं धरण गाठावं लागतं. मुंबईचा समुद्र रस्त्यानं साधारण ४०० किलोमीटर. तू कुठं जहाजाच्या गप्पा मारतोस?

पण बघा, जमाना बदललाय. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. २०१९ मध्ये ‘कर्णिका’ आली. मग कोरोनात सगळं थंडावलं, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ मुंबईहून सुटायला लागली. आता आपल्या ओळखीत कुणी ना कुणी जाऊन आलेलं असतं. कुणाची ऑफिसची ट्रिप, कुणाचा हनिमून, कुणी आईवडिलांना रिटायरमेंटनंतर घेऊन गेलेलं. माझ्या वर्गातले दोघं-तिघं अमेरिकेत ऑनसाइट आहेत, ते तिकडच्या मोठ्या जहाजांवर जातात. आणि प्रत्येकजण परत आल्यावर एकच गोष्ट विचारतो किंवा सांगतो, जेवणाची. “भाऊ, दोन मेन कोर्स मागितले तर बिल लागतं का?” “वेटरनं दोनदा विचारलं, मी लाजून नको म्हणालो, रात्री भूक लागली.”

तर आधी सरळ उत्तर देतो, मग त्याच्या मागचं बोलू.

बहुतेक क्रूझवर मुख्य डायनिंग रूमचं जेवण तिकिटातच धरलेलं असतं. मेनूकार्डावर स्टार्टर, सूप, मेन कोर्स, गोड असे भाग असतात. प्रत्येक भागातून एकच घ्यायचं असा नियम साधारणपणे नसतो. दोन स्टार्टर चालतात. सूप नको आणि स्टार्टर दोन, हे चालतं. टेबलाच्या मध्ये एक डिश सगळ्यांसाठी मागितली तरी चालतं. आणि हे हावरटपणाचं लक्षण अजिबात नाही, कारण तिथल्या प्लेटमध्ये माप लहानच असतं. तीन-चार टप्प्यांत जेवायचं म्हणून प्रत्येक टप्पा छोटा ठेवलेला असतो. आपल्याकडच्या ताटाच्या हिशोबानं बघितलं तर ते स्टार्टर म्हणजे चव बघायला दिल्यासारखं.

पण ‘सगळं फुकट’ असं समजूनही जाऊ नका. पैसे कुठं लागतात ते सांगतो. दारू, कोल्ड्रिंक, स्पेशल कॉफी हे बहुधा वेगळं असतं. ‘स्पेशालिटी रेस्टॉरंट’ म्हणून जे असतं, त्याचे पैसे वेगळे. काही महाग पदार्थ, म्हणजे लॉबस्टर वगैरे, पहिल्यांदा फुकट आणि पुढचा विकत, असंही काही जहाजांवर असतं. आणि अमेरिकेच्या कार्निव्हल कंपनीनं २०२३ पासून मुख्य डायनिंग रूममध्ये तिसऱ्या मेन कोर्सला ५ डॉलर लावायला सुरुवात केली. दोनपर्यंत काही नाही, तिसऱ्यापासून पैसे. म्हणून ज्या जहाजावर जाल तिथला नियम पहिल्याच रात्री विचारून घ्या. “याला वेगळे पैसे आहेत का?” एवढंच वाक्य. विचारण्यात काही कमीपणा नाही.

झालं उत्तर. आता खरी गोष्ट. नियम माहीत असूनही आपण मागत का नाही?

मी गेल्या वर्षी आईवडिलांना घेऊन तीन रात्रींच्या ट्रिपला गेलो होतो. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, केज तालुक्यात बरीच वर्षं काढली. पहिल्या रात्री पांढरं टेबलक्लॉथ, तीन-तीन काटे, समोर कोट घातलेला वेटर. त्यानं मेनूकार्ड दिलं. वडिलांनी एक सूप आणि एक भाजी सांगितली. प्लेट आली, चार घासांत संपली. वेटरनं विचारलं, “सर, एनीथिंग एल्स?” वडील म्हणाले, “नको नको, बास झालं.” वेटरनं मान हलवली, प्लेट उचलली, गेला. रात्री साडेदहाला केबिनमध्ये आईनं पर्समधून बिस्किटाचा पुडा काढला आणि दोघांनी अर्धा-अर्धा खाल्ला.

मी त्या रात्री विचार करत होतो की नेमकं काय झालं. वेटर वागायला चांगला होता. वडीलही काही भित्रे नाहीत, पोरांना पंचवीस-तीस वर्षं दम देत आलेला माणूस. मग अडलं कुठं?

अडलं ‘नको’ या शब्दात. आपल्या पंगतीत ‘नको’चा अर्थ वेगळा आहे राव.

आठवा, गावाकडची पंगत. सप्ताहाची समाप्ती असो, लग्न असो, तेराव्याचं जेवण असो. जमिनीवर पट्ट्या, समोर पत्रावळ. मीठ, चटणी डावीकडं, भाजी उजवीकडं. वाढपी हातात बादली घेऊन ओळीनं येतो. येसर आमटीची बादली, भाताची पाटी, बुंदीची परात. तुम्ही काही मागत नाही, तोच विचारतो, “वाढू का? घ्या की थोडं.” तुम्ही म्हणता “नको नको.” तो म्हणतो “अहो घ्या हो, एवढ्यानं काय होतंय.” तुम्ही पुन्हा “नको” म्हणता, पण हात पत्रावळीच्या आडवा धरत नाही. त्याला कळतं. पळी पडते. खरंच नको असेल तर दोन्ही हात पानावर आडवे येतात, मग तो पुढं जातो. म्हणजे पहिली दोन ‘नको’ ही नुसती रीत असते. खरा निरोप हात देतात.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. पंगत म्हणजे पुश नोटिफिकेशन. तुम्ही काही करू नका, येत राहतं, नको असेल तर बंद करा. डायनिंग रूम म्हणजे ॲप स्वतः रिफ्रेश करायचं. तुम्ही ओढलं तरच नवीन येणार. आणि तिथं ‘नको’ म्हणजे खरोखर नको. त्या वेटरला आग्रह करायला शिकवलेलं नसतं. उलट शिकवलेलं असतं की पाहुणा नाही म्हणाला तर पुन्हा विचारून त्याला अवघडून टाकू नये. दोघंही आपापल्या जागी सभ्यपणानं वागले आणि माझे वडील उपाशी झोपले.

म्हणून आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: निघायच्या आधी घरीच त्यांना हे समजावून सांगा. “तिथं आग्रह नसतो. पाहिजे असेल तर पहिल्यांदाच हो म्हणायचं.” शक्य असेल तर त्यांच्यासमोर तुम्ही स्वतः आधी दोन डिश मागा. म्हणजे त्यांचा संकोच मोडतो.

आता दुसरी बाजू. आमच्या शेजारच्या टेबलावर सहा-सात जणांचा ग्रुप होता. आपल्याच वयाची पोरं. त्यांना कळलं होतं की सगळं फुकट आहे. त्यांनी मेनूकार्डावरचं जवळजवळ सगळं मागवलं. टेबल भरलं, व्हिडिओ काढला, रील झाली, आणि निम्म्याहून जास्त अन्न तसंच सोडून ते डेकवर डीजेला गेले. वेटर एकेक भरलेली प्लेट ट्रेवर चढवत होता. आई बघत होती. ती एवढंच म्हणाली, “पानात टाकू नये रे.” आमच्याकडं दुष्काळ बघितलेल्या पिढीचं हे वाक्य आहे. त्यात उपदेश कमी आणि आठवण जास्त असते.

म्हणजे मागायला लाजू नये, आणि मागितलेलं टाकू नये. या दोन्ही गोष्टी एकत्र जमवायच्या कशा? त्यासाठी तिथलं काम कसं चालतं ते माहीत पाहिजे.

मोठ्या डायनिंग रूममध्ये प्रत्येक वेटरकडं ठरलेली टेबलं असतात, आणि बहुधा त्याच्या मदतीला एक असिस्टंट असतो. वेटर ऑर्डर घेतो, ती किचनमध्ये जाते. जहाजावर किचनला गॅली म्हणतात. तिथं शेकडो प्लेट एका वेळी लागत असतात. वेटर रांगेत उभा राहून आपल्या सगळ्या टेबलांच्या प्लेट झाकणं लावून मोठ्या ट्रेवर एकावर एक रचतो आणि तो ट्रे उचलून आणतो. जहाज हलत असतं ते वेगळंच. म्हणजे त्याचा सगळ्यात महाग खर्च कुठला? फेरी. प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना लगेच कळेल, दहा गोष्टी एका रिक्वेस्टमध्ये मागवा, दहा रिक्वेस्ट करू नका.

यातून निघणारे साधे नियम सांगतो.

एक. जास्तीची डिश हवी असेल तर ऑर्डर देतानाच सांगा. “मला दोन स्टार्टर, आणि ही भाजी मध्ये सगळ्यांसाठी एक.” त्याला एकाच फेरीत आणता येतं. मेन कोर्स संपल्यावर एकानं एक आठवून मागायचं, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं, यात त्याची बाकीची टेबलं ताटकळतात.

दोन. चव बघायची असेल तर अर्धं माप मागा. “मेन कोर्समधलं हे स्टार्टरच्या मापात मिळेल का?” बऱ्याच ठिकाणी देतात. नाहीतर चौघांत एक मागा, आवडलं तर पुढचं. म्हणजे टाकायची वेळ येत नाही.

तीन. उपवास, जैन जेवण, कांदा-लसूण नको, शेंगदाण्याची ॲलर्जी, असं काही असेल तर बुकिंगच्या वेळी आणि पहिल्या रात्री हेड वेटरला सांगा. परदेशी जहाजांवरही आदल्या रात्री सांगितलं तर दुसऱ्या दिवशी भारतीय शाकाहारी काहीतरी बऱ्याचदा करून देतात. ऐनवेळी “आज माझी एकादशी आहे, साबुदाणा आहे का?” म्हटलं तर तो बिचारा काय करणार?

चार. हाक मारायची रीत. टाळी, चुटकी, ‘शुक् शुक्’, ‘ओय’ हे नको. त्याच्या छातीवर नावाची पट्टी असते, ती वाचा आणि नावानं बोलवा. नाहीतर नजरेला नजर मिळवून हात थोडा वर करा. आपल्याकडचा ‘दादा’ पण छान शब्द आहे, माणूस मराठी असेल तर खुलतो.

पाच. काटा आणि सुरी प्लेटमध्ये शेजारी-शेजारी ठेवली की जेवण झालं, प्लेट न्या. अलग-अलग ठेवली की अजून खातोय. आपल्या पत्रावळीवरच्या आडव्या हातासारखीच ही खूण आहे. माहीत नसेल तर अर्धवट प्लेट उचलली जाते आणि आपण मनात चरफडतो.

सहा. वेळ पाळा. बऱ्याच जहाजांवर जेवणाच्या दोन पाळ्या असतात. पहिल्या पाळीचे लोक गप्पा मारत बसले तर दुसऱ्या पाळीचं टेबल लावायला उशीर होतो, आणि तो उशीर शेवटी वेटरच्या झोपेतून वजा होतो. गप्पा डेकवर मारा, तिथं वारापण चांगला असतो.

सात. टिप. अमेरिकेच्या जहाजांवर माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर सर्व्हिसचे म्हणून खात्यावर आपोआप लागतात. बुकिंग करताना हे पैसे हिशोबात धरा. काही लोक शेवटच्या दिवशी काउंटरवर जाऊन ते काढून टाकतात आणि वर ‘हॅक’ म्हणून मित्रांना सांगतात. ते पैसे वेटर, केबिन साफ करणारा अशा लोकांसाठी असतात. कुणी खास काम केलं असेल तर हातात वेगळे द्या, आणि फीडबॅकच्या फॉर्ममध्ये त्याचं नाव लिहा. नाव लिहिणं फुकट आहे, आणि त्याच्या पुढच्या कामासाठी उपयोगी पडतं.

आता त्या झोपेबद्दल थोडं. जहाजावरच्या कामगारांसाठी एक आंतरराष्ट्रीय करार आहे, मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६. तो २०१३ मध्ये लागू झाला आणि भारतानं २०१५ मध्ये मान्य केला. त्यात कामाची कमाल मर्यादा २४ तासांत १४ तास आणि आठवड्यात ७२ तास अशी आहे, किंवा मग किमान विश्रांती २४ तासांत १० तास आणि आठवड्यात ७७ तास. लक्षात घ्या, ही मर्यादा कायद्यानं घातलेली आहे आणि तरी ती एवढी आहे. ऑफिसमध्ये आपण नऊ तासांनी लॅपटॉप बंद करताना कुरकुरतो. हा माणूस नाश्त्याला उभा असतो, दुपारी उभा असतो, रात्री दोन पाळ्यांना उभा असतो. आठवडी सुट्टी अशी नसतेच.

दुसऱ्या रात्री मी त्या वेटरला आधीच सांगून ठेवलं होतं की वडील लाजतात, जरा पुन्हा विचारा. तो हसला आणि मराठीतच बोलला. सावंतवाडीकडचा निघाला. वडिलांची कळी खुलली. वडिलांनी विचारलं, “किती महिने झाले घर सोडून?” तो म्हणाला, “चार झाले सर, अजून दोन.” “मुलंबाळं?” “एक मुलगी आहे, पहिलीत.” “शाळेत कोण सोडतं?” “आजी.”

वडील गप्प झाले. मला त्यांचं गप्प होणं कळलं, कारण मी त्यांच्याच शाळेत शिकलोय. दिवाळी झाली की आमच्या वर्गातली पोरं कमी व्हायची. आईबाप ऊसतोडीला निघायचे, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. एक नवराबायको म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली असायची, ती फेडेपर्यंत सुटका नाही. काही पोरं बैलगाडीत बसून बरोबर जायची, काही आजीकडं राहायची, काही हंगामी वसतिगृहात. मार्च-एप्रिलमध्ये परत यायची तेव्हा परीक्षा तोंडावर असायची. वडील हजेरीपटावर त्यांची नावं कमी करायला तयार नसायचे. म्हणायचे, येतील की.

आणि इथं समुद्रावर, एसी हॉलमध्ये, कोट घातलेला एक माणूस तेच सांगत होता. सहा महिने बाहेर, पोर आजीकडं. कोयत्याचं आणि ट्रेचं काम एकसारखं आहे असं मी म्हणत नाही. पगार, कायदा, राहायची सोय, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण घरापासून लांब राहून पोट भरायचं, हे बीडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

कोकण-गोव्याला तर ही जुनी वाट आहे. ब्रिटिशांच्या काळात पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी आणि जेवणाच्या सलूनमध्ये गोव्याचे स्टुअर्ड, अशी विभागणीच होती. कोकणीत बोटीवरच्या माणसाला ‘तारवटी’ म्हणतात. बोट मिळेपर्यंत मुंबईत राहायला जागा हवी म्हणून गोव्याच्या एकेका गावानं धोबी तलाव, माझगाव भागात आपली ‘कूड’ काढली, म्हणजे गावाची सामायिक खोली. आज जगभरच्या क्रूझवर भारतीय वेटर आणि शेफ दिसतात, त्यामागं ही एवढी जुनी साखळी आहे.

हे ऐकून आपल्याकडच्या कुणाला वाटलं, की आपणही जहाजावर जावं, तर जरूर जा. फक्त एक गोष्ट कानात घालून ठेवा. जहाजावरची भरती परवाना असलेल्या एजन्सीकडूनच होते, आणि परवान्यांची यादी डायरेक्टर जनरल ऑफ शिपिंगच्या वेबसाइटवर बघता येते. वर सांगितलेल्या करारानुसार नोकरी लावून द्यायचे पैसे उमेदवाराकडून घेता येत नाहीत. पासपोर्ट, मेडिकल, सीडीसी म्हणजे खलाशाचं पुस्तक, याचा खर्च तुमचा. पण “दोन लाख भरा, जहाजावर लावतो” म्हणणारा माणूस भेटला तर तिथूनच परत फिरा.

तिसऱ्या रात्रीचं सांगतो. वेटर टेबलाशी आला तेव्हा वडिलांनी त्याला नावानं हाक मारली आणि ऑर्डर देतानाच म्हणाले, “दोन वाट्या वरण लागेल मला, एकदमच आणा, तुमची फेरी वाचेल.” त्यानं दोन वाट्या आणल्या. वडिलांनी दोन्ही संपवल्या, प्लेट स्वच्छ केली, आणि उठताना फीडबॅकचा फॉर्म मागून घेतला. शिक्षकाच्या अक्षरात त्याचं नाव लिहिलं, पुढं चार ओळी मराठीत लिहिल्या. ते इंग्रजीत लिहायला पाहिजे होतं का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, राहू द्या, वाचणारं कुणीतरी असेल.

तर मंडळी, क्रूझवर जा नाहीतर गावच्या खानावळीत, हिशोब तोच आहे. पाहिजे तेवढं मोकळेपणानं मागा, मागितलं ते संपवा, आणि वाढणाऱ्याचे पाय दुखतात हे लक्षात ठेवा. तुमच्या घरातलं कुणी पहिल्यांदा ट्रिपला निघालं असेल तर त्यांना हा भाग पाठवा. पुढच्या वेळी भेटू नवीन विषय घेऊन. तोवर पोटभर जेवा, काळजी घ्या. राम राम!